खिळ्यांची साक्ष

पुस्तक हाती घेतले की वाचकाची दृष्टी अक्षरांवरून धावते, अक्षरांवर ठरत नाही. ती ठरू नये यासाठीच खिळे घडविणाऱ्याने आपले सारे कौशल्य वेचलेले असते. आपल्या अक्षराकडे कोणी मुद्दाम पाहिले नाही, यातच त्याचे यश. परंतु काही माणसे अशी असतात की, मजकूर काय आहे हे कळण्यापूर्वीच त्यांना अक्षर कोणाचे आहे ते कळते. मुखपृष्ठ आणि पहिली पाने गळून गेलेले एखादे जुने संस्कृत पुस्तक काशीच्या वा तंजावरच्या पंडितापुढे ठेवले, तरी एक पान पाहून 'हे निर्णयसागरचे' असे तो सांगत असे. जावजी दादाजींच्या मुंबईच्या छापखान्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या वळणाची ती ओळख होती. ओळखीचे शास्त्र मात्र तेव्हा कोणी मांडले नव्हते. युरोपात ते मांडले गेले, आणि पुढे एका प्रकरणात त्या शास्त्राने इंग्लंडातील सर्वांत प्रतिष्ठित ग्रंथसंग्राहकाला सत्तराव्या वर्षानंतर खाली खेचले. त्या प्रकरणाची हकीकत सांगण्याजोगी आहे. पण तिच्या आधी शास्त्राचे दोन शब्द सांगितले पाहिजेत.

धातूचा खिळा तयार होतो तो तीन पायऱ्यांनी. पोलादी कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे. ती कांडी तांब्याच्या तुकड्यावर ठोकून साचा उमटवायचा. आणि त्या साच्यावर शिसे, कथील व अँटिमनी यांचा रस ओतून हवे तितके खिळे काढायचे. पंधराव्या शतकात ही कामे बहुधा मुद्रक स्वतः करीत किंवा आपल्यासाठी करवून घेत. त्यामुळे एका छापखान्याची अक्षरे दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नसत. 1500 सालापर्यंत छापलेल्या या ग्रंथांना मराठीत दोलामुद्रिते म्हणतात, म्हणजे मुद्रणकला पाळण्यात असतानाची मुद्रिते. यांतील कितीतरी पुस्तकांवर मुद्रकाचे नाव नाही, गाव नाही, साल नाही. ती कोणाची, हे ठरवावे कसे?

केंब्रिज विद्यापीठाचे ग्रंथपाल हेन्री ब्रॅडशॉ यांनी वाट दाखविली. वनस्पतिशास्त्रज्ञ जशी पाने आणि फुले पाहून वनस्पतींची कुळे लावतो, तशी अक्षरांची वळणे पाहून पुस्तकांची कुळे लावावी, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्यानंतर ब्रिटिश म्यूझियममधील रॉबर्ट प्रॉक्टर यांनी ही पद्धत हजारो ग्रंथांना लावली. 1898 मध्ये त्यांनी आपली सूची प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. तीत जवळजवळ दहा हजार दोलामुद्रिते देश, गाव, मुद्रक आणि खिळ्यांचा संच या क्रमाने लावलेली आहेत. एवढे काम एका माणसाने थोड्या वर्षांत केले यावर विश्वास बसत नाही. 1903 च्या सप्टेंबरात हे प्रॉक्टर ऑस्ट्रियातील आल्प्स पर्वतात एकटेच भटकंतीस गेले आणि परत आले नाहीत. त्यांचे वय अवघे पस्तीस होते.

या पद्धतीचे एक हत्यार अगदी साधे आहे. ते म्हणजे मोजपट्टी. एका अक्षराची उंची मोजण्यात चूक सहज होते. म्हणून लागोपाठ वीस ओळी घ्यायच्या आणि त्यांची उंची मिलिमीटरमध्ये मोजायची. गुटेनबर्गच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या, 1455 च्या सुमारास पुऱ्या झालेल्या बेचाळीस ओळींच्या बायबलात हे माप 140 मिलिमीटर येते. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या छत्तीस ओळींच्या बायबलात 164 येते. नवख्याच्या डोळ्याला जो फरक एकदम दिसत नाही, तो पट्टीला दिसतो. त्या काळी कागद ओला करून छापीत आणि वाळताना तो थोडा आकसे. म्हणून एक-दोन मिलिमीटरचा फरक क्षम्य मानतात. मापावरून न सुटणारा प्रश्न वळणावरून सोडवायचा. कोनराड हेब्लर या जर्मन ग्रंथपालाने गॉथिक वळणाच्या मोठ्या 'एम' अक्षराचे शंभरांवर प्रकार काढून त्यांचा कोशच रचला. रोमन वळणासाठी त्याने 'क्यू' आणि 'यू' ही जोडगोळी निवडली, कारण 'क्यू'चे शेपूट प्रत्येक कोरणारा आपल्या मर्जीने ओढतो.

येथे मापाविषयी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. खिळ्याचे माप म्हणून जे सांगतात ते अक्षराचे नव्हेच. ते अक्षर ज्या धातूच्या अंगावर उभे असते त्या अंगाचे असते. अंग तेवढेच ठेवून वरचे अक्षर ठेंगणे किंवा ऐसपैस कोरता येते. पूर्वी या अंगांना नावे होती: ब्रेव्हिअर, लाँग प्रायमर, पायका, ग्रेट प्रायमर. आपल्याकडील जुळाऱ्यांच्या तोंडी ती खिळे हातांनी जुळविण्याच्या काळात सर्रास होती. पण एका ओतशाळेचा पायका दुसरीच्या पायक्याशी जुळेलच अशी खात्री नसे. फ्रान्समध्ये फूर्निए याने 1737 मध्ये बिंदूंचे कोष्टक दिले, पुढे दिदो याने ते सुधारले, आणि अमेरिकेने 1886 मध्ये आपले बिंदुमान ठरविले. तेव्हा पायका बारा बिंदूंचा झाला आणि लाँग प्रायमर सुमारे दहाचा. आज संगणकाच्या पडद्यावर धातू उरलेला नाही, तरी अंग उरलेले आहे. प्रत्येक अक्षरवळण एका काल्पनिक चौकटीत बसविलेले असते आणि पडद्यावरचे माप हे त्या चौकटीचे माप असते. म्हणूनच सोळा मापाची दोन अक्षरवळणे शेजारी ठेवली तर एक मोठे आणि एक लहान वाटते. शिवाय पडद्यावरचे पान आपल्याला कोणते वळण हवे ते क्रमाने लिहून ठेवते आणि वाचकाच्या यंत्राकडे त्यांतले जे असेल ते उमटते. इंदूरच्या वाचकाला एक वळण दिसते, बेळगावच्या वाचकाला दुसरे. अशा पानाची ओळख पटविणाऱ्याला पानाने काय मागितले आणि यंत्राने काय दिले, हे दोन्ही वेगवेगळे तपासावे लागते. कागदावर निदान एकदा उमटलेले अक्षर बदलत नाही.

प्रॉक्टरची पद्धत पंधराव्या शतकाला लागू पडली, पण एकोणिसाव्या शतकाला ती लागू पडेल असे कोणालाच वाटत नव्हते. तोपर्यंत खिळे विकत मिळू लागले होते. एका ओतशाळेचा एकच संच शंभर छापखान्यांत असायचा. अशा स्थितीत खिळ्यावरून छापखाना ओळखणे म्हणजे धोतरावरून माणूस ओळखण्यासारखे होते.

टॉमस जेम्स वाइझ यांचा भरवसा याच गोष्टीवर असावा. 1859 मध्ये जन्मलेले वाइझ लंडनमध्ये सुगंधी तेलांचा व्यापार करणाऱ्या एका पेढीत कारकून म्हणून लागले आणि त्याच व्यापारात संपन्न झाले. त्यांचे खरे वेड पुस्तकांचे होते. इंग्रजी कवींच्या पहिल्या आवृत्त्या त्यांनी अशा चिकाटीने जमविल्या की, त्यांचा 'ॲश्ली' संग्रह साऱ्या इंग्लंडात गाजला. कवींच्या ग्रंथसूची त्यांनी रचल्या. 1922 ते 1924 पर्यंत ते ग्रंथविद्येच्या लंडनमधील संस्थेचे अध्यक्ष होते. ऑक्सफर्डने त्यांना सन्मान्य एम. ए. पदवी दिली. कोणती आवृत्ती अस्सल याविषयी वाद निघाला की तो त्यांच्या शब्दाने मिटे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दहा-पंधरा वर्षांत ग्रंथप्रेमींच्या जगात काही पातळ पुस्तिका दिसू लागल्या. टेनिसन, ब्राउनिंग, स्विनबर्न, रस्किन अशा थोर लेखकांची एखादी कविता किंवा लेख मोठ्या ग्रंथात येण्यापूर्वी खासगी रीतीने थोड्या प्रतींत छापला गेला होता, असे त्यांवरून दिसे. म्हणजे जी आजवर पहिली आवृत्ती समजली जात होती ती पहिली नव्हतीच. खरी पहिली ही पुस्तिका. संग्राहकाच्या जिवाला चटका लावण्यास याहून अधिक काय हवे? यांत सर्वांत मौल्यवान होती एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग यांच्या सुनीतांची पुस्तिका. आपला पती रॉबर्ट ब्राउनिंग याच्यावरील प्रेमातून लिहिलेली ही सुनीते 1850 मध्ये तिच्या कवितासंग्रहात प्रसिद्ध झाली हे सर्वांना ठाऊक होते. या पुस्तिकेवर मात्र 'रीडिंग, 1847' असे छापलेले होते. तिला शोभेशी कथाही होती. एडमंड गॉस या नामांकित टीकाकाराने 1894 मध्ये ती लिहिली: पिसा येथे 1847 मध्ये एके सकाळी एलिझाबेथने लाजत हस्तलिखित पतीच्या खिशात सरकविले आणि पुढे तिची मैत्रीण मिस मिटफर्ड हिने ते रीडिंगला छापवून घेतले. कथा इतकी गोड होती की, ती खरी असलीच पाहिजे असे लोकांना वाटले. ब्राउनिंगचे स्वतःचे पत्र मात्र वेगळे सांगत होते. सुनीतांचा पत्ता त्याला लागला तो लुक्का येथे, आणि ते दांपत्य तेथे राहिले होते 1849 मध्ये.

जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड हे दोघे तरुण पुस्तकविक्रेते या पुस्तिकांकडे संशयाने पाहू लागले. त्यांचा पहिला प्रश्न धंदेवाईकाचा होता. इतक्या प्रती बाजारात येतात, तर त्यांतल्या एकीवरही लेखकाची सही कशी नाही? मित्राला दिलेली भेट म्हणून दोन ओळी कशा नाहीत? 1880 च्या सुमारापूर्वी त्यांचा कोणी कोठे उल्लेख कसा केलेला नाही? आणि सगळ्या प्रती कालच छापखान्यातून आल्याप्रमाणे कोऱ्या कशा? रस्किनच्या समग्र ग्रंथांचे संपादक कुक आणि वेडरबर्न यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभीच एका पुस्तिकेचा मजकूर लेखकाने नंतर सुधारलेल्या आवृत्तीशी जुळतो, हे दाखविले होते. परंतु त्या सूचनेकडे कोणी लक्ष दिले नाही.

मग कागदाची परीक्षा झाली. इंग्लंडात 1861 पूर्वी कागद चिंध्यांचा होत असे. त्या वर्षापासून त्यात एस्पार्टो गवत येऊ लागले, आणि रसायनांनी शिजविलेला लाकडाचा लगदा 1874 च्या पूर्वी वापरात नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली 'रीडिंग, 1847' च्या कागदात असा लाकडाचा तंतू दिसला. मिस मिटफर्ड 1855 मध्ये वारली होती आणि एलिझाबेथ 1861 मध्ये. ज्या दोघींच्या हातून ही पुस्तिका निघाली असे म्हणत, त्या दोघीही तिचा कागद तयार होण्यापूर्वीच गेलेल्या होत्या.

कागदाने काळ सांगितला. माणूस सांगितला नाही. ते काम खिळ्यांनी केले. पोलार्ड यांना खिळ्यांच्या नमुनापुस्तकांचा विशेष व्यासंग होता. ते ज्या दुकानाशी संबंधित होते त्याने 1928 मध्ये अशा नमुनापुस्तकांची एक सूचीच काढली होती. रीडिंगच्या पुस्तिकेची अक्षरे लाँग प्रायमरची, म्हणजे अगदी नेहमीच्या वापरातली. पण त्यांतले 'एफ' आणि 'जे' वेगळे होते. 'एफ'चा वरचा आकडा साध्या खिळ्यात अंगाबाहेर झुकलेला असतो आणि शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर टेकतो. हा झुकाव दाबाखाली मोडतो. देवनागरी जुळाऱ्यालाही ही पीडा परिचित होती. अंगाबाहेर आलेली वेलांटी किंवा रफार तुटला की पानभर चुका. इंग्लंडात यावर तोडगा म्हणून आकडा आत वळविलेला, अंगाबाहेर न जाणारा 'एफ' घडविण्यात आला. पुस्तिकेत आलेल्या घडणीचे असे अक्षर 1880 पूर्वी अस्तित्वातच नव्हते. एकट्या या अक्षराने 1847 हे साल खोटे ठरले.

पण या 'एफ'चे संचही अनेकांकडे गेलेले असू शकत होते. तेव्हा उपयोगी पडले एक क्षुल्लक चिन्ह, प्रश्नचिन्ह. ते या संचातले नव्हतेच. दुसऱ्याच ओतशाळेच्या दुसऱ्याच संचातून येऊन या खिळ्यांत बसले होते. असा मिश्र संच कोणी विकत नसते. तो एखाद्या छापखान्याच्या पेटाऱ्यात तेथील सोयीने तयार होतो. हे 'एफ', हे 'जे' आणि हे परके प्रश्नचिन्ह एकत्र जेथे सापडेल, तो छापखाना निश्चित. असा मिश्र संच एका पुस्तकात सापडला. मॅथ्यू आर्नल्डच्या 'ॲलरिक ॲट रोम' या तरुणपणीच्या कवितेची 1893 मध्ये काढलेली ती हुबेहूब प्रतिकृती होती. तिच्यावर लपवाछपवी काही नव्हती. मुद्रकाचे नाव ठळक छापलेले होते: रिचर्ड क्ले अँड सन्स. आणि संपादकाचेही: टॉमस जे. वाइझ.

त्या प्रतिष्ठित मुद्रकांचा यात दोष नव्हता. साहित्यसंस्थांसाठी जुन्या दुर्मिळ पुस्तकांच्या प्रतिकृती ते वाइझ यांच्या सांगण्यावरून उघडपणे छापीत असत. प्रतिकृतीवर जुने साल असतेच. त्यांतच एखादी अशी पुस्तिका आली की जिचे मूळ कधी नव्हतेच, तर जुळाऱ्याला काय कळणार? युक्ती खरोखर चतुर होती. खोटे नाणे पाडणाऱ्याला खऱ्या नाण्याशी तुलना होण्याची भीती असते. येथे तुलनेला खरे काही नव्हतेच.

1934 च्या जुलैमध्ये कार्टर आणि पोलार्ड यांनी आपली चौकशी ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. सुमारे पन्नास पुस्तिकांची त्यात तपासणी होती. ग्रंथाची भाषा थंड, कायद्याला धरून. वाइझ यांनी त्या छापविल्या असे शब्द त्यात कोठेही नाहीत. पुरावे एकापुढे एक मांडलेले आहेत आणि वाचकाला जे दिसायचे ते दिसते. एकोणतीस आणि एकतीस वर्षांच्या दोन दुकानदारांनी पंचाहत्तरीच्या महापंडितावर केलेला हा वार होता, आणि त्यात कठोर विशेषण जवळजवळ एकही नाही. सरकारी टिप्पणी लिहिणाऱ्यांनी तो ग्रंथ अवश्य पाहावा.

या पद्धतीची मर्यादाही याच ठिकाणी सांगितलेली बरी. एका अक्षरावरून निकाल देता येत नाही. 2004 च्या 8 सप्टेंबरला अमेरिकेतील सी. बी. एस. या संस्थेने राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या तरुणपणच्या सैनिकी सेवेविषयी 1972 आणि 1973 च्या म्हणून काही टिपणी दाखविल्या. लोकांनी लगेच अक्षरे ओळखली: ही तर संगणकावरील नेहमीची टाइम्स वळणाची अक्षरे, रुंदी अक्षरागणिक बदलणारी, तारखेजवळची लहान अक्षरे वर उचललेली. काही जण पुढे जाऊन म्हणाले की, असे टंकयंत्र तेव्हा नव्हतेच. ते खरे नव्हते. बदलत्या रुंदीची अक्षरे काढणारी यंत्रे त्या काळी होती. बोचणारी गोष्ट दुसरीच होती: संगणकावर तोच मजकूर काही न बदलता टंकित केला की ओळीही तेथेच मोडत होत्या. शिवाय हाती होत्या त्या प्रतींच्या प्रती. प्रत काढताना आकार बदलतो, म्हणून पट्टी तेथे फारशी विश्वसनीय नव्हती. 20 सप्टेंबरला संस्थेने त्या टिपणी अस्सल असल्याचे सिद्ध करता येत नाही, असे मान्य केले. त्यापलीकडे अक्षरांनी निर्विवाद निकाल दिला नाही, आणि कार्टर-पोलार्ड यांच्यासारखा परका प्रश्नचिन्हाचा खिळा तेथे मिळण्याजोगाही नव्हता.

वाइझ यांनी वृत्तपत्रातून उत्तर दिले ते असे, की त्या पुस्तिका आपल्याला हॅरी बक्सटन फॉर्मन यांच्याकडून मिळाल्या. फॉर्मन 1917 मध्येच वारले होते. कीट्स आणि शेली यांचे ते नावाजलेले संपादक, आणि ब्रिटिश डाक खात्यातील मोठे अधिकारी. मेलेल्या मित्रावर दोष ढकलणाऱ्या म्हाताऱ्याचे हे बोलणे कोणी फारसे मनावर घेतले नाही. मौज अशी की, त्यात थोडे सत्य होते. 1945 मध्ये अमेरिकेतील एका संग्रहातील जुने कागद प्रसिद्ध झाले. टेनिसनविषयीच्या एका लेखाच्या मुद्रितावर वाइझ आणि फॉर्मन यांनी समासात एकमेकांशी वाद घातला होता, आणि त्यात फॉर्मनने खोटे साल घालून काढलेल्या पुस्तिकेचा 'आपण' असा उल्लेख केला होता. दोघेही या उद्योगात होते. दिवसभर टपालाचा चोख कारभार पाहणारा हा अधिकारी फावल्या वेळात काय करीत होता, हे कळण्यास अठ्ठावीस वर्षे लागली.

वाइझ 1937 च्या मे महिन्यात मरण पावले. त्यांनी कबुली दिली नाही. त्याच वर्षी ब्रिटिश म्यूझियमने त्यांचा ॲश्ली संग्रह 66,000 पौंडांना विकत घेतला. पुढे तेथील डेव्हिड फॉक्सन यांनी त्या संग्रहातील सतराव्या शतकाची नाटके म्यूझियमच्या मूळ प्रतींशी ताडून पाहिली. त्यांनी पाने मोजली, शिवणीची भोके जुळविली, कागदावरचे डाग ताडले. 1959 मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: आपल्या अपुऱ्या प्रती पुऱ्या करण्यासाठी वाइझ यांनी म्यूझियमच्या प्रतींतून दोनशेंहून अधिक पाने फाडून नेली होती. म्यूझियमने संग्रह विकत घेतला तेव्हा आपलीच पाने पैसे देऊन परत घेतली होती. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहेत. फाटलेल्या प्रती आणि वाइझ यांनी सोनेरी कडांनी बांधविलेल्या पुऱ्या प्रती एकाच इमारतीत राहतात.